नळदुर्गात मध्ययुग कधी संपले?

दीर्घ धागा. विषय : इतिहासाचे कालखंड कोण पाडतो, कुठे पाडतो आणि त्याने काय बदलते. उदाहरणासाठी धाराशिव जिल्ह्यातील एकच गाव.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर एक दगडी बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली की ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सांडव्यांवरून पाणी खाली कोसळते. बांधाच्या आतील दालनात उभ्या असलेल्या माणसाला समोर पाण्याचा पडदा दिसतो. हे आदिलशाहीतले काम, आणि ते दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कारकीर्द १५८०–१६२७) नावाशी जोडले जाते.

आता एक साधा प्रश्न. हे बांधकाम कोणत्या युगातले?

महाराष्ट्रातील शाळेत याचे उत्तर ठरलेले आहे. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक. आदिलशाही सातवीत येते, म्हणून पाणीमहाल मध्ययुगीन.

हाच बांध फ्रान्समध्ये असता, तर तेथील विद्यापीठात तो ‘आधुनिक’ इतिहासाच्या अध्यापकाकडे गेला असता. फ्रेंच परंपरेत आधुनिक काळ १४९२ च्या आसपास सुरू होतो आणि १७८९ च्या राज्यक्रांतीला संपतो. त्यानंतरचा सगळा काळ ‘समकालीन’. फ्रेंच विद्यार्थ्याच्या दृष्टीने नेपोलियनसुद्धा समकालीन इतिहासात मोडतो. इंग्लंडमध्ये तो बांध राजा पहिला जेम्स याच्या नावावरून ‘जेकोबियन’ ठरला असता. चीनमध्ये त्याला फक्त ‘मिंग’ म्हटले असते. जपानमध्ये तो ‘किन्सेई’ काळात बसला असता. मध्ययुग सरले आहे, पण मेईजी काळाची आधुनिकता अजून उगवायची आहे, अशा दोन-अडीच शतकांच्या टप्प्यासाठी जपानी इतिहासकारांनी राखून ठेवलेला हा शब्द आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द रुळलेला नाही, आणि ही उणीव केवळ शब्दाची नाही, हे पुढे दिसेल.

दगड तेच, पाणी तेच. युगे मात्र चार-पाच.

प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक ही त्रिस्थळी आली कोठून? चौदाव्या शतकात इटलीतील कवी पेत्रार्क याला आपल्या आणि प्राचीन रोमच्या दरम्यानचा काळ अंधाराचा वाटत होता. त्याच्या मागून आलेल्या इटालियन विद्वानांनी या ‘मधल्या’ काळाला आकार दिला. त्याची शालेय चौकट मात्र एका जर्मन शिक्षकाने पक्की केली. त्याचे नाव क्रिस्टोफ केलर. लॅटिनमध्ये तो स्वतःला सेलारियस म्हणवत असे. त्याने प्राचीन इतिहासाचे पुस्तक १६८५ मध्ये, मध्ययुगाचे १६८८ मध्ये आणि नव्या काळाचे १६९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे मध्ययुग सम्राट कॉन्स्टंटाइनपासून सुरू होते आणि १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले तेव्हा संपते.

जाता जाता : सेलारियसच्या पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या दरम्यान, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले, आदिलशाही संपली आणि नळदुर्गचा मुलूख मोगलांकडे गेला. जर्मनीतील त्या शिक्षकाला त्याचे काही देणेघेणे नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. रोमच्या वारसांसाठी केलेली ती मांडणी होती. तिच्यात नळदुर्ग बसावे अशी अपेक्षा सेलारियसने कधी केली नाही. ती नंतरच्यांनी केली.

भारतात ही त्रिस्थळी थोड्या वेगळ्या वेषात आली. जेम्स मिलने १८१७ साली ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ लिहिला आणि त्यात भारताचा भूतकाळ हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशा तीन कप्प्यांत टाकला. मिल भारतात कधी आला नव्हता आणि येथील एकही भाषा त्याला येत नव्हती. इकडची भाषा न आल्याने आपले मत अधिक निःपक्षपाती होते, अशी त्याची समजूत होती. मुंबईचा गव्हर्नर राहिलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मिलपेक्षा कितीतरी अधिक जाणकार. पण १८४१ मध्ये त्याचा इतिहास आला, तोही ‘हिंदू आणि मुसलमानी काळखंड’ असे नाव मिरवीतच.

या मांडणीतील गोम अशी की पहिल्या दोन खंडांना राजाच्या धर्माचे नाव आहे आणि तिसऱ्याला नाही. तिसऱ्याला ‘ख्रिस्ती काळखंड’ म्हटलेले नाही. म्हणजे आधीची माणसे धर्माने ओळखायची आणि नंतरची राज्यकारभाराने. पुढे स्वतंत्र भारताच्या पाठ्यपुस्तकांनी हिंदू, मुसलमान, ब्रिटिश ही नावे काढून प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक ही नावे लावली. चिरा बहुतेक ठिकाणी होत्या तेथेच राहिल्या. बिपन चंद्र, रोमिला थापर आणि हरबन्स मुखिया यांनी १९६९ च्या पुस्तिकेत याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

नळदुर्गच्या बाबतीत हे वर्गीकरण किती लंगडे पडते ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५३४–१५५८) विजापूरच्या महसुली हिशेबातील फारसीचे प्रस्थ कमी होऊन स्थानिक भाषा आणि स्थानिक कारकून पुढे आले, असे इतिहासकार फेरिश्ता नोंदवतो. दुसऱ्या इब्राहिमने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह दखनी भाषेत रचला. त्यात सरस्वती आणि गणेश यांची स्तुती आहे. मिलच्या मधल्या कप्प्यात हे सगळे ‘मुसलमानी’ या एका शब्दाखाली झाकले जाते. कप्पा चुकीची माहिती देतो असे नाही; तो प्रश्नच विचारू देत नाही.

येथे या कथेत एक माणूस असा येतो, की जो नळदुर्गचाही आहे आणि कालखंडांचाही.

१८५३ च्या मे महिन्यात निजामाने इंग्रजांशी तह केला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या मुलखावर नेमला गेलेला अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. पोरवयात मुंबईला उतरलेला, निजामाच्या नोकरीत वाढलेला, सुरपूर संस्थानाचा कारभार पाहून आलेला हा माणूस. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीने त्याला इंग्लंडात नाव मिळवून दिले होते. १८५३ ते १८५७ अशी चार वर्षे तो या जिल्ह्यात होता.

पुढे निवृत्तीनंतर त्याने तीन कादंबऱ्यांची मालिका लिहिली : ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२). पहिली घडते १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या उदयाच्या वेळी. दुसरी १७५७ मध्ये, प्लासीच्या वेळी. तिसरी १८५७ च्या उठावात. बरोबर शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने भारताच्या इतिहासाला तीन वळणे मिळाली, या योगायोगाने टेलरला भुरळ घातली होती. ‘तारा’ची नायिका तुळजापुरातील एका विद्वान ब्राह्मणाची तरुण विधवा मुलगी आहे. नळदुर्गपासून तुळजापूर जवळच. टेलरला तो परिसर पायाखालचा होता.

आता सालांकडे पाहा. ‘तारा’च्या कथेत मध्यवर्ती असलेला अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा आहे. मालिकेची गणती मात्र १६५७ पासून चालते, कारण शंभराची पट तेथून जुळते. कादंबरीकाराला ही मुभा आहे. पण मुलखाची बोली, माणसे, देवस्थाने जाणणाऱ्या लेखकानेही आधी आकडे मांडले आणि मग इतिहास त्यांच्यावर बसवला, हे विसरू नये. त्या तीन सालांपैकी शेवटची दोन इंग्रजांच्या दृष्टीने थोर : एकात त्यांना राज्य मिळाले, दुसऱ्यात ते जाता जाता राहिले. नळदुर्गच्या रयतेच्या आयुष्यात १७५७ साली विशेष काही घडले नव्हते. प्लासी त्यांना फार दूर.

याच टेलरने १८७० मध्ये विद्यार्थ्यांसाठी भारताच्या इतिहासाचे एक जाडजूड क्रमिक पुस्तकही लिहिले. नळदुर्गच्या कचेरीत बसलेला अधिकारी पुढे विद्यार्थ्यांच्या दप्तरातील कालखंड ठरवतो, हा प्रवास त्या काळातील इतिहासलेखनाविषयी बरेच काही सांगून जातो.

टेलर गेल्यावर, १८६० च्या तहाने, नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची ही बक्षिसी. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. म्हणजे नळदुर्गातील प्रत्यक्ष ‘ब्रिटिश काळ’ जेमतेम सात वर्षांचा.

मराठीत कालखंडांचा विचार कसा झाला? बडोद्यास सयाजीरावांच्या पदरी असलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध केली, १९०२ पासून ‘मराठी रियासत’ येऊ लागली आणि १९२३ मध्ये ‘ब्रिटिश रियासत’. शीर्षके मिलच्या वळणाची वाटतात, पण मधली रियासत नीट पाहावी. मिलच्या हिशेबात मोगल गेले आणि इंग्रज आले. मधल्या मराठ्यांना स्वतःचा खंड नव्हता. सरदेसायांनी तो दिला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना हेच सांगितले होते की इंग्रजांनी राज्य घेतले ते मुख्यतः मराठ्यांकडून, मोगलांकडून नव्हे. पुढे भारतीय विद्या भवनाच्या इतिहासमालेत रमेशचंद्र मजुमदारांच्या संपादनाखाली ‘मराठा वर्चस्व’ नावाचा एक स्वतंत्र खंड आला, तोही याच वाटेने.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये वेगळीच पहार लावली. राजांची नावे आणि धर्म बाजूला ठेवून, उत्पादनाची साधने आणि त्यांच्याभोवतीचे माणसांचे संबंध जेथे बदलतात तेथे काळाची रेघ ओढावी, असे त्यांचे म्हणणे. या कसोटीवर नळदुर्गचा विचार केला तर राजघराण्यांपेक्षा बोरीचे अडवलेले पाणी, ज्वारीचे शिवार आणि वतनदारी यांना अधिक महत्त्व येते. त्या दृष्टीने १६८६ चा सत्ताबदल कदाचित फारसा मोठा ठरत नाही. पाटील-कुलकर्णी तेच राहिले. वसूल वर कोणाकडे जातो एवढेच बदलले.

इतर देशांतही हा प्रश्न सरळ सुटलेला नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षे राजघराणे हाच खंड होता, आणि पडलेल्या घराण्याचा इतिहास त्याच्या जागी आलेल्या घराण्याने लिहायचा, असा रिवाज. विसाव्या शतकात मार्क्सवादी इतिहासकारांनी अफूच्या पहिल्या युद्धाला, म्हणजे १८४० ला, आधुनिक काळाचा उंबरठा ठरवले. तो काळ आधी १९१९ पर्यंत धरला जाई. नंतर १९४९ पर्यंत ताणला गेला. एका देशाच्या आधुनिकतेची सुरुवात पराभवाने व्हावी, हे मराठी वाचकाला नवे नाही. आपल्याकडेही ‘आधुनिक महाराष्ट्र’ १८१८ पासून, म्हणजे पेशवाई बुडाली तेथून, सुरू होतो. गोव्यात पोर्तुगिजांची रेघ १५१० ला पडते आणि १९ डिसेंबर १९६१ ला संपते. सावंतवाडीहून पणजीकडे जाताना माणूस एका तासात वेगळ्या कालगणनेत शिरतो.

किन्सेईसारख्या मधल्या शब्दाची उणीव वर सांगितली, तिचे कारण आता पाहू. दुसरा इब्राहिम विजापुरात राज्य करीत होता, तेव्हा लंडनला ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली (१६००), गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे रोखली (१६०९), आणि गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले (१६१६). ते मराठीतच होते, फक्त लिपी रोमन. याच सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला आणि परतताना तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला. बादशहाच्या दरबारात त्याचे मोठे कुतूहल झाले. अमेरिकेत उगवलेली वनस्पती पोर्तुगिजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर, तेथून विजापुरात आणि मग आग्र्यात. ज्या राज्यात हे चालले होते त्याला ‘मध्ययुगीन’ म्हणायचे आणि ज्या लंडनमध्ये अजून चेटकिणींवर खटले चालत होते त्याला ‘आधुनिक’, हा न्याय जरा विचित्रच.

म्हणून गेल्या काही दशकांत जॉन रिचर्ड्स, संजय सुब्रह्मण्यम यांच्यासारखे इतिहासकार साधारण १५०० ते १८०० या काळाला ‘आद्य आधुनिक’ म्हणतात. समुद्रमार्ग, तोफा, रोकड पैशाचा वाढता वापर, नवी पिके, देशी भाषांतील लेखन या गोष्टी त्या शतकांत जगभर एकमेकींत गुंतल्या. नळदुर्गचा उपळी बुरूज त्यावरील तोफांसह याच जगातला आहे. हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकांत यायला हवा. त्यालाही आक्षेप आहेत आणि त्यातला एक खरा आहे : ‘आद्य आधुनिक’ म्हटले की तो काळ पुढे येणाऱ्या कशाची तरी तयारी होऊन बसतो, त्याला स्वतःचे अस्तित्व उरत नाही. तरी ‘मध्ययुगीन’पेक्षा तो बरा. निदान त्यात अंधार गृहीत धरलेला नाही.

रेघा केवळ आजच्या इतिहासकारांनीच ओढल्या असे नाही. या मुलखात राजे स्वतःच काळ कापत आले आहेत. नळदुर्गच्या पूर्वेस कल्याण, आजचे बसवकल्याण, ही उत्तर चालुक्यांची राजधानी. तेथील सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये गादीवर येताना शक संवत बाजूला सारून स्वतःचा चालुक्य-विक्रम संवत सुरू केला. त्याच्या कारकिर्दीतील असंख्य शिलालेखांत त्याच संवताची वर्षे आहेत. तो गेल्यावर संवतही हळूहळू विरला. पुढे १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, तोही त्याच जातीचा निर्णय : काळ आता येथून मोजायचा.

शिवाय दफ्तरांत हिजरी सन, मराठी कागदांत सर्रास आढळणारा सुहूर सन, महसुलासाठी फसली सन आणि पंचांगासाठी शालिवाहन शक. गावचा कुलकर्णी यांतल्या दोन-तीन गणना सहज एकमेकींत बदलून लिहीत असे. आजचा पदवीधर एकच गणना वापरतो आणि तीच नैसर्गिक समजतो.

प्राचीन काळाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तेथे भांडण कमी आहे. जिल्ह्यातील तेर म्हणजे जुने तगर. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे आणि तेथे सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतील पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीची आठवण करून देते. तगर आणि रोम दोन्ही ‘प्राचीन’. दोघांचा व्यापारच होता. येथे सेलारियसची चौकट चुकून बरोबर बसते.

पण प्राचीन काळ संपतो कधी? उत्तर हिंदुस्थानच्या पुस्तकांत हर्षाच्या मृत्यूपासून दिल्लीच्या सुलतानशाहीपर्यंत निरनिराळी साले सुचवली जातात. दख्खनसाठी १२९६ (अलाउद्दीनची देवगिरीवरील स्वारी), १३१८ (यादवांचा शेवट) किंवा १३४७ (बहमनी राज्याची स्थापना) यांपैकी एक निवडावे लागते. आणि निवडले की लगेच एक पेच पडतो. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. राजकीय इतिहासात ती एका युगाच्या अखेरीस येते, यादवांच्या संध्याकाळी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र तीच पहाट. एकाच दशकाला एक वर्ग शेवट म्हणून शिकवतो आणि दुसरा आरंभ म्हणून, आणि दोन्ही वर्ग एकाच महाविद्यालयाच्या एकाच मजल्यावर भरतात.

आता शीर्षकातील प्रश्न.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आधुनिक महाराष्ट्र १८१८ ला सुरू होतो. सोलापूरपुरते ते खरे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांनी घेतले. पुढे तेथे रेल्वे आली, गिरण्या आल्या, १९३० मध्ये लष्करी कायदा आला. सोलापूरहून नळदुर्ग सुमारे ४५ किलोमीटर. पण मध्ये सरहद्द होती. नळदुर्गला १८१८ नाही.

हैदराबादचे इतिहासकार आधुनिक काळाची सुरुवात १८५३ ला करतात, कारण त्या वर्षी पहिला सालारजंग दिवाण झाला आणि त्याने कारभाराची घडी बसवली. १८६५ च्या सुमारास जिल्हे पाडले गेले ते त्याच्याच वेळी. गंमत अशी, की त्याच वर्षी, त्याच महिन्यात नळदुर्ग निजामाच्या हातातून गेले होते. सालारजंगच्या सुधारणा येथे पोहोचल्या त्या १८६० नंतर. जिल्हा आधी ‘नळदुर्ग’ या नावाने ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी तो ‘उस्मानाबाद’ झाला आणि २०२३ मध्ये ‘धाराशिव’.

बोलीतले शब्द पाठ्यपुस्तकापेक्षा प्रामाणिक असतात. पुण्याकडे जुना पूल ‘ब्रिटिशकालीन’ असतो, वाडा ‘पेशवेकालीन’. मराठवाड्यात शाळा, कचेरी, तलाव, कागद हे सगळे ‘निजामकालीन’. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातील घराघरांत हाच शब्द ऐकू आला. हा लोकांनी स्वतः पाडलेला कालखंड आहे. त्याला कोणत्याही विद्यापीठाची मान्यता लागली नाही. पणजोबांची जात, जमीन आणि गाव कोणत्या लिपीत, कोणत्या सनात लिहिले आहे हे शोधताना तो कामाला येतो. त्याच्याऐवजी १८१८ घेऊन दफ्तरात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येईल.

आणि मग १५ ऑगस्ट १९४७. देशाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही सर्वांत ठळक रेघ आहे. नळदुर्गात त्या दिवशी राज्य बदलले नाही. निजामाने भारतात येण्यास नकार दिला होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार झाला. रझाकारांची दहशत, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा, सरहद्दीवरील सत्याग्रहींची शिबिरे, गावे सोडून सोलापूरच्या बाजूला गेलेली कुटुंबे, हे सगळे त्या तेरा महिन्यांतले. ‘स्वातंत्र्योत्तर भारत’ या प्रकरणात हे महिने येतात आणि ‘स्वातंत्र्यलढा’ या प्रकरणात नसतात. पंधरा ऑगस्टनंतर तुरुंगात गेलेला किंवा मारला गेलेला मराठवाड्यातील कार्यकर्ता कोणत्या प्रकरणात बसवायचा? बरीच वर्षे तो कोणत्याच प्रकरणात नव्हता. कालखंडाची रेघ चुकीच्या जागी पडली की माणसे अशी गहाळ होतात.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्याला लागल्या. पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. किल्ल्याच्या बाजूला हैदराबादची पायदळ पलटण होती आणि बोरी नदीवरचा पूल त्या रस्त्याचा गळा होता. तो उडवला गेला असता तर पुढची वाट अडली असती. सातव्या ब्रिगेडने वेगाने पुढे येऊन पूल शाबूत हाती घेतला आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा आजही तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

तर नळदुर्गात मध्ययुग १८१८ ला संपले नाही, आणि १९४७ लाही नाही. इंग्रजांच्या पुस्तकातला ‘ब्रिटिश काळ’ येथे सात वर्षे टिकला. ‘स्वातंत्र्य’ तेरा महिने उशिरा आले. राजकीय सत्तेचा निकष लावला तर रेघ १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या आठवड्यात, बोरीच्या पुलाजवळ कुठेतरी ओढावी लागते.

कोसंबींचा निकष लावला तर तीही थोडी पुढे सरकते. वतने, जागिरी, इनामे आणि कुळांचे हक्क यांचा निकाल लागायला आणखी काही वर्षे गेली. कुळकायदा १९५० चा. ‘हैदराबाद’ हे नाव धारण करणारा तो कायदा आजही मराठवाड्याच्या जमिनींच्या खटल्यांत उद्धृत होतो. त्याआधी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, जागिरी रद्द करणारा विनियम निघाला. निजामाची सत्ता जाऊन अकरा महिने झाले होते, कारभार भारत सरकारने नेमलेल्या लष्करी गव्हर्नरच्या हाती होता, आणि शतकानुशतकांची जागीरदारी कायद्याने संपत होती. त्या विनियमाच्या नावात जे साल छापले आहे ते १९४९ नाही. शाहजहानच्या वेळी दख्खनमध्ये सुरू झालेल्या गणनेप्रमाणे ते आहे १३५८ फसली.